नातीचं एम.एस. आणि माझी एफडी



मागच्या वेळी मुगवड्यांबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. वड्या वाळल्या, डब्यात गेल्या, निम्म्या संपल्यासुद्धा. लिहायचं मात्र राहिलं. कारण दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता. तो आता मिटला, निदान माझ्यापुरता तरी मिटला, म्हणून लिहायला बसले. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी येत्या दोन-चार वर्षांत हाच प्रश्न येणार आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

माझी नात, म्हणजे लेकीची मुलगी, नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि २०२४ पासून पुण्यात सायबर सुरक्षेच्या नोकरीत आहे. यंदा दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदियाला आमच्याकडे आली. भाऊबीजेला लेक-जावईही आले. जेवणं झाल्यावर जावयांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. अमेरिकेत सायबर सुरक्षेत एम.एस. करायचा खर्च एका सल्लागाराने लिहून दिला होता. फी, राहणं, खाणं, विमा, सगळं मिळून पंचावन्न लाख. त्यातलं पंचेचाळीस लाखांचं कर्ज मिळेल, तारण म्हणून नागपूरचं घर. उरलेले दहा लाख उभे करायचे.

लेक म्हणाली, "आई, तुझी सहा लाखांची एफडी आहे ना? तिच्या शिक्षणालाच लागतेय, वाया थोडीच जाणार."

मी क्षणाचाही विचार न करता "हो, घ्या की" म्हणून बसले.

का म्हणून बसले, ते आधी सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. १९७९ साली मी बी.कॉम. झाले, इथेच गोंदियात. तेव्हा आपला जिल्हाही वेगळा नव्हता, भंडाऱ्यातच मोडायचा. एम.कॉम.ला नागपूरला जायचं ठरवलं होतं, अर्जही आणून ठेवला होता. तेवढ्यात स्थळ आलं. घर चांगलं, माणसं चांगली. नाही म्हणायला कारण नव्हतं. तो कोरा अर्ज किती तरी वर्षं माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होता. पुढे लेकीच्या वेळीही तसंच झालं. तिचं लग्न विसाव्या वर्षी झालं आणि पदवीही तिने सासरी राहून कशीबशी पूर्ण केली. त्यामुळे 'मास्टर्स' हा शब्द ऐकला की आम्हा दोघींच्या पोटात काहीतरी हलतं. नात करतेय म्हणजे आम्ही तिघी करतोय असंच वाटतं.

पण रात्री अंथरूण घालताना लक्षात आलं की ह्या सगळ्या चर्चेत नात एक शब्द बोलली नव्हती.

तिला ह्या क्षेत्राची ओढ लागली ती आमच्याच घरातून. २०२१ मध्ये आमच्या ह्यांना फोन आला, "तुमचं केवायसी संपलंय, आज रात्री सिम बंद होईल." हे चाळीस वर्षं दुकान चालवलेले, कुणाकडून पाच रुपयांना न फसलेले. पण फोनवरचा माणूस 'सर, सर' करत बोलत गेला, ह्यांनी तो सांगेल ते ॲप उतरवून घेतलं, त्यामुळे ह्यांचा स्क्रीन त्याला तिकडे दिसू लागला आणि अर्ध्या तासात खात्यातून अठ्ठ्याण्णव हजार गेले. पैसे गेले ते गेलेच, पण दोन दिवस ह्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली. तोपर्यंत तक्रारीची खरी वेळ निघून गेली होती. (मैत्रिणींनो, आता १९३० हा नंबर आहे. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. लाज नंतर वाटू द्या, फोन आधी करा.) नात तेव्हा इंजिनिअरिंगच्या उंबरठ्यावर होती. आजोबांना असं गप्प बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिथून तिने हा विषय धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाळीची नवी वही काढली. पूजेनंतर तिच्यात पहिला हिशेब शुभ असावा म्हणून मी थांबले होते. म्हटलं, हाच लिहू.

पंचेचाळीस लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. हप्ता येतो महिना सुमारे बासष्ट हजार. दहा वर्षांत परत करायचे सुमारे चौऱ्याहत्तर लाख. शिकत असताना चढणारं व्याज आणखी वेगळं. आणि घरात सहसा कुणी धरत नाही तो आकडा म्हणजे सुटलेला पगार. नातीला आज महिना अडतीस हजार मिळतात. दोन वर्षांचे नऊ लाख बारा हजार. जावई म्हणाले, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आहे. आहे, आठ वर्षांपर्यंत. पण ती जुन्या कररचनेत राहणाऱ्यांना. आणि सूट मिळाली म्हणून व्याज माफ होत नाही, हे कॉमर्सवालीला सांगायला नको.

"तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल," लेक म्हणाली. लागली तर फिटेल, हे खरंच आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत आधी बारा महिने आणि मग वाढवून आणखी चोवीस महिने काम करता येतं. त्यापुढे एच-१बी लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात एके दिवशी घोषणा झाली की नव्या एच-१बी अर्जाला एक लाख डॉलर शुल्क. पुढच्या महिन्यात खुलासा आला की तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही. पण त्या महिनाभरात किती आयांची झोप उडाली असेल! माझा मुद्दा एवढाच की नियम दुसऱ्याच्या हातात, हप्ता मात्र आपल्या हातात आणि घर तारण. दुकानदाराच्या घरातली बाई अशा सौद्यात थोडी थांबतेच.

एवढं लिहून झाल्यावर मला कळलं की मी फक्त खर्चाची बाजू लिहिली आहे. जमेची बाजू कोरीच. ही पदवी घेऊन मिळतं काय, हे मला ठाऊकच नव्हतं. मग नातीला चिवडा निवडायच्या निमित्ताने समोर बसवलं आणि म्हटलं, "मला अगदी पहिलीपासून शिकव. तुमच्यात लोक करतात काय काय?"

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडते.

पहिलं काम पहारेकऱ्याचं. त्याला एसओसी म्हणतात, सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. बँका, कंपन्या यांच्या यंत्रणेत चोवीस तास काय चाललंय ते पडद्यावर बघत राहायचं, काही वेडंवाकडं दिसलं की कळवायचं. नात सध्या हेच करते. पाळीपाळीने रात्रपाळी येते. आपल्या घरातल्या मुलीला रात्रपाळी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी साडेपाचला डबा खाऊन ती कामावर जाते आणि दोन वाजता सगळे चहा-बिस्किटांना उठतात तेव्हा ही पाण्यावर बसते. किती पाळलं जातं ते मी खोदून विचारत नाही.

दुसरं काम, परवानगी घेऊन घर फोडून बघणाऱ्याचं. मालक स्वतःच सांगतो, "माझ्या घरात शिरता येतंय का बघा आणि कुठून शिरलात ते लिहून द्या." मला हसू आलं. पण नात गंभीर होती. लेखी परवानगी नसेल तर तेच कृत्य माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे हात तोच, हत्यार तेच. फरक फक्त दिलेलं आणि न दिलेलं यातला. पाठशाळेत आपण पोरांकडून अदत्तादान घोकून घेतो, न दिलेलं घेऊ नये. मी तिला म्हटलं, "बघ, तुझा अर्धा अभ्यासक्रम तुला सातव्या वर्षी झालाय." तीही हसली.

तिसरं काम हिशेबनिसाचं. कंपनीने नियम पाळले का, कुणाच्या हातात कुठल्या किल्ल्या आहेत, नोंदी नीट आहेत का, हे तपासायचं. इथे माझे कान टवकारले, कारण हे सरळ ऑडिट आहे! सी.ए. झालेल्यांसाठी त्यांच्या संस्थेचाच माहिती यंत्रणांच्या ऑडिटचा अभ्यासक्रम आहे, त्याला डिसा म्हणतात. जगभर चालणारी सिसा नावाची परीक्षा आहे, आणि तिला इंजिनिअरच असायला हवं असं नाही. कॉमर्स शिकणाऱ्या मुली घरात असतील तर हे वाक्य पुन्हा वाचा.

चौथं काम कुलूप घडवणाऱ्याचं. म्हणजे संदेश गुप्त ठेवायचं गणित, त्याला क्रिप्टोग्राफी म्हणतात. आपण फोनवरून पैसे पाठवतो तेव्हा मधल्या कुणाला ते वाचता येऊ नये, याची कुलपं कुणीतरी गणितातून घडवलेली असतात.

"आणि ह्यातल्या कुठल्या कामाला मास्टर्स लागतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "पहिल्या तीनला लागत नाही, आजी. असेल तर वाईट नाही, पण अडतही नाही."

मला पटलं नाही. शिक्षण वाढलं आणि किंमत वाढली नाही असं कसं होईल? मग तिने मोबाईलवर एक-एक नियम दाखवला. ह्या क्षेत्रात वरच्या जागांसाठी सीआयएसएसपी नावाचं प्रमाणपत्र फार मानलं जातं. त्याला परीक्षेबरोबर पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ह्या विषयातली पदवी असेल तर त्या पाचातलं एक वर्ष माफ होतं. बी.ई. असो की एम.एस., माफी एकाच वर्षाची. म्हणजे नातीला ते वर्ष बी.ई.वरच मिळून गेलं. वर पंचावन्न लाख घातले तरी दुसरं वर्ष माफ होणार नाही. घर फोडून बघणाऱ्यांची ओएससीपी नावाची परीक्षा आहे. तेवीस तास पंचेचाळीस मिनिटं सलग वेळ, समोर खरीखुरी यंत्रं, त्यांत शिरून दाखवायचं. आणि मग पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहून द्यायचा. तिथे तुमची पदवी कुणी विचारत नाही. मी म्हटलं, हे तर बेल्यासारखं झालं, दोन दिवस बैठक मोडायची नाही.

मग तिने मला आपल्या पुण्याच्याच कॉसमॉस बँकेची गोष्ट सांगितली. आपल्यापैकी अनेकींनी २०१८ मध्ये पेपरात वाचली असेल. ११ ऑगस्टला, शनिवारी, अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि भारतातल्या एटीएममधून अडीच कोटी. १३ तारखेला आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? एटीएम आणि बँकेचा मुख्य हिशेब यांच्यामध्ये एक निरोप्या असतो. एटीएम विचारतं, "ह्याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?" निरोप्या आत जाऊन विचारतो आणि उत्तर आणतो. चोरांनी त्या निरोप्याच्या जागी आपला माणूस उभा केला. तो आत जातच नव्हता. दारातच प्रत्येकाला "हो, द्या" म्हणत होता. बँकेच्या मुख्य वहीत कुणाच्याच खात्यातून पैसे वजा होत नव्हते, कारण वहीला काही माहीतच नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या अहवालात ह्या चोरीमागे उत्तर कोरियाचं नाव आलं. इथल्या एटीएममधून कार्ड घालून पैसे काढणाऱ्या टोळीतल्या अकरा जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली.

"आता सांग आजी," नात म्हणाली, "त्या शनिवारी काय हवं होतं? पीएच.डी. की जागा असलेला एक माणूस?"

मी गप्प. असा माणूस हवा होता, ज्याला पडद्यावर एवढे 'हो' एकदम दिसले असते आणि ज्याने सुट्टीचा दिवस न बघता साहेबाला फोन लावला असता. ती नजर कामातून येते. स्वयंपाकघरात कुकरच्या आवाजावरून शिट्टी होणार की नाही हे आपल्याला कळतं, तशी. ह्याच कारणाने अशा माणसांची गरजही वाढली आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या शेवटी नागरी सहकारी बँकांसाठीसुद्धा सायबर सुरक्षेची चौकट आणली. २०२२ पासून तर केंद्राच्या सर्ट-इन संस्थेचा नियम आहे की अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं. म्हणजे हे काम फक्त मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांचं राहिलेलं नाही.

इथपर्यंत आल्यावर माझं मत तयार झालं होतं. वहीत लिहूनही टाकलं, 'एम.एस. नको. नोकरी चालू ठेवावी, परीक्षा द्याव्यात.' खाली दोन रेघा मारल्या.

पण त्या रात्री नात माझ्याजवळ येऊन झोपली आणि अंधारात म्हणाली, "आजी, तू मला चारही कामं विचारलीस. मला कुठलं करायचंय ते नाही विचारलंस."

खरंच की! लेकीने विचारलं नाही, जावयांनी नाही, सल्लागाराने नाही आणि एवढा हिशेब मांडून मीही नाही.

तिला पहारा करायचा नाही. तिला कुलूप घडवायचं आहे.

मग ती बोलत सुटली. मला निम्मंच कळलं, पण तिच्या आवाजावरून कळायचं ते कळलं. आजची बरीच कुलपं मोठमोठ्या मूळ संख्यांच्या आधारावर आहेत. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ओळखायची रीत २००२ मध्ये आपल्या आयआयटी कानपूरमध्ये सापडली, मणींद्र अग्रवाल सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांना. दोघं विद्यार्थी नुकतेच बी.टेक. झालेले, हिच्याच वयाचे. आता पुढे क्वांटम कॉम्प्युटर आले तर जुनी कुलपं उघडतील, म्हणून जगभर नवी घडवणं चालू आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिली तीन मानकं जाहीरही केली. त्याच स्पर्धेत चांगलं पुढे गेलेलं एक कुलूप २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोन गणितज्ञांनी साध्या कॉम्प्युटरवर तासाभरात उघडून दाखवलं. अनेक वर्षं अनेकांनी तपासलेलं कुलूप, आणि ते उघडलं जुन्या, वेगळ्याच शाखेतल्या गणिताने.

"हे रात्रपाळीत शिकता येत नाही, आजी. कुणाच्या तरी हाताखाली बसून दोन-चार वर्षं गणितच करावं लागतं."

म्हणजे चौथ्या कामाला मास्टर्स लागतं, आणि कदाचित त्याच्याही पुढचं. माझ्या दोन रेघा मी सकाळी खोडल्या.

पण मैत्रिणींनो, खोडल्या म्हणजे पंचावन्न लाखांवर सही केली असं नाही. जावयांनी आणलेला तो अभ्यासक्रम आम्ही पुन्हा उघडून विषय वाचले. जवळजवळ सगळे पहिल्या तीन कामांचे होते. ज्यासाठी मास्टर्स लागत नाही त्याचं मास्टर्स. आणि ज्यासाठी लागतं, ते त्यात एका कोपऱ्यात. नाव मोठं, आत आपल्या कामाचं थोडं. खोक्यावर काजू आणि आत शेंगदाणे.

मग दुसरे रस्ते शोधले. आपल्याकडे गेटची परीक्षा देऊन एम.टेक.ला जाता येतं. आयआयटींमध्ये, किंवा पुण्यातच खडकवासल्याजवळ संरक्षण खात्याची डायट ही संस्था आहे, तिथे सायबर सुरक्षेचं एम.टेक. आहे. गेटवर प्रवेश मिळालेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पंचावन्न लाख देऊन शिकायचं आणि महिन्याला पैसे घेऊन शिकायचं, हे दोन्ही रस्ते एकाच देशातल्या मुलीसमोर आहेत आणि आपण दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाही, कारण तो कुणी सल्लागार कागदावर लिहून देत नाही. नोकरी न सोडता करायचं असेल तर घरबसल्या पदव्याही आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१९ मध्ये सायबर सुरक्षेचं ऑनलाइन मास्टर्स सुरू केलं, तेव्हा पूर्ण पदवीची फी दहा हजार डॉलरच्या आत ठेवली होती. आयआयटी कानपूरचंही नोकरदारांसाठी ऑनलाइन मास्टर्स आहे. आणि पदवी नुसतीच झालेली, नोकरी नाही, अशांना सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे, सी-कॅट देऊन प्रवेश मिळतो.

शेवटी घरात ठरलं ते असं. नात गेटचा अभ्यास करणार. नोकरी सोडायची नाही, पण रात्रपाळी नसलेली जागा मागायची. गणित कच्चं राहिलंय असं ती स्वतःच म्हणते, म्हणून आधी तेच. नंबर लागला तर एम.टेक. नाही लागला तर पुन्हा एकदा. तोपर्यंत अनुभवाची वर्षं जमा होतच राहतील, ती कुठे जात नाहीत. परदेशात कुणा प्राध्यापकाने पुढे पगारी संशोधनाला बोलावलं तर खुशाल जावं, मी स्टेशनवर पोचवायला येईन. घर तारण ठेवून नाही.

लेक अजून थोडी नाराज आहे. तिच्या मैत्रिणींची मुलं तिकडे गेली आहेत, त्यांचे फोटो येतात. परवा फोनवर म्हणाली, "तू तिचे पंख कापलेस." मला लागलं. पण मी तिला म्हटलं नाही की ती नातीच्या पंखांबद्दल बोलतेय की स्वतःच्या. कारण भाऊबीजेच्या दिवशी मीही तेच केलं होतं. नातीचं शिक्षण म्हणून जे पटकन कबूल केलं, तो माझ्या ट्रंकेतला कोरा अर्ज होता. आपली राहिलेली हौस पोरींच्या नावावर कर्ज काढून फेडायची नसते. ती आपलीच उधारी आहे, आपल्याच वहीत राहू द्यावी.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तर चार गोष्टी करा. एक, मुलाला किंवा मुलीला विचारा, पहारा, तपासणी, हिशेब की कुलूप? उत्तर येत नसेल तर आधी वर्ष-दोन वर्षं नोकरी करू द्या, उत्तर तिथे मिळतं. दोन, ज्या जागेवर जायचंय त्या जागेच्या दहा जाहिराती काढून वाचा आणि कितींनी मास्टर्स मागितलंय ते मोजा. तीन, अभ्यासक्रमाचं नाव वाचू नका, विषय वाचा. चार, हप्ता, घराचं तारण आणि सुटलेला पगार, तिन्ही एकाच पानावर लिहा. मग ठरवा. मास्टर्स करायचंच ठरलं तर आनंदाने करा, ज्ञानाला मी कधी नाही म्हणणार नाही. फक्त कशासाठी, हे माहीत असू द्या.

पुण्याला निघायच्या दिवशी नात ह्यांच्या खुर्चीजवळ बसली होती. हे आधीच फार बोलत नाहीत, आणि त्या फोनच्या विषयावर तर चार वर्षांत चकार शब्द काढलेला नाही. त्या दिवशी तिला म्हणाले, "असं कुलूप कर की माझ्यासारख्याने स्वतःच्या हाताने दार उघडलं तरी चोराला आत येता येऊ नये."

नात बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, हे सगळ्यात अवघड आहे. ह्याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही."

"मग शिक," हे म्हणाले.

एफडी माझ्याच नावावर आहे. तिच्या व्याजातून गेटची पुस्तकं आणि क्लासची फी भरली, वहीत शैक्षणिक खर्च म्हणून नोंद केली. मुगवड्यांबद्दल पुढच्या वेळी नक्की लिहिते.

जय जिनेंद्र.